आईची तुपाची बरणी आणि ऑपरेशन ओव्हर्ट: लंडनचा २००६ चा विमानांचा कट कसा उधळला गेला

दोन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदाच एकटी लंडनला भावाकडे निघाली होती. नातवासाठी घरी कढवलेलं साजूक तूप तिने एका बरणीत भरलं आणि मोठ्या बॅगेत सांडेल म्हणून हातातल्या बॅगेत ठेवलं, आम्हाला कुणाला सांगितलंच नाही. आत सिक्युरिटीला ते अडलं. तिचा फोन आला, आवाज रडवेला झालेला, "अरे, ही मुलगी म्हणतेय काकू शंभर एमएलच्या वर नाही चालणार, तुपाने काय होणारे रे?" मी म्हटलं, आई नियम आहे, सोडून दे. तिने सोडलं. पण घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात तेच चालू होतं, की हा नियम आला कुठून, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. नंतर वाचत गेलो, कोर्टात काय काय समोर आलं ते बघितलं, आणि हे प्रकरण, म्हणजे २००६ मध्ये लंडनहून सुटणारी विमानं बाटलीतल्या स्फोटकांनी उडवायचा कट आणि तो उधळणारा ऑपरेशन ओव्हर्ट नावाचा तपास, मला इतकं महत्त्वाचं वाटलं की सविस्तर लिहायचंच ठरवलं.

आपण बातमीत वाचतो "कट उधळला, इतक्या जणांना अटक", आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण या प्रकरणात पोलिसांना माणसं सापडायला फार त्रास झाला नाही, माणसं नजरेखाली होतीच. सगळ्यात जड गेलं ते त्यांना पकडायचं कधी हे ठरवणं. लवकर हात घातला तर कोर्टात केस उभी राहत नाही आणि उशीर केला तर माणसं मरतात, आणि या दोन्हीच्या मधे जी थोडीशी जागा असते तिथे काही लोक दिवसरात्र जागून बसलेले होते.

आधीचं वर्ष

लंडनच्या पोलिसांची २००६ मधली मनःस्थिती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ७ जुलै २००५ ला चार तरुणांनी लंडनच्या तीन भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्वतःला उडवून घेतलं, ५२ लोक गेले, सातशेहून जास्त जखमी. बाहेरून कुणी आलेलं नव्हतं, हे तिथेच वाढलेले, तिथल्याच शाळेत शिकलेले, इंग्लिशमध्येच विचार करणारे तरुण होते. दोनच आठवड्यांनी, २१ जुलैला, दुसऱ्या एका टोळीने तसाच प्रयत्न केला, बॉम्ब नीट फुटले नाहीत म्हणून लोक वाचले. आणि २२ जुलैला त्या पळालेल्या लोकांच्या शोधात असलेल्या पोलिसांनी स्टॉकवेल स्टेशनवर ब्राझीलहून आलेल्या जाँ शार्ल्स द मेनेझेस नावाच्या इलेक्ट्रिशियनला चुकून गोळ्या घातल्या. त्याचा कशाशीच संबंध नव्हता.

त्यात अजून एक सल होता. ७ जुलैच्या टोळीचा म्होरक्या मोहम्मद सिद्दिक खान हा एमआय ५ च्या, म्हणजे ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर खात्याच्या, नजरेला २००४ मध्येच पडून गेला होता. तेव्हा दुसऱ्याच एका कटाचा तपास चालू होता, त्यातल्या मुख्य लोकांना भेटणारा एक माणूस म्हणून त्याचे फोटो काढले गेले, त्याच्या गाडीचा पाठलाग झाला, पण त्या वेळी हातात जे काम होतं त्यापुढे तो किरकोळ वाटला आणि मागे राहिला. हे वाचताना मला त्या अधिकाऱ्यांचा राग नाही आला, वाईट वाटलं. शंभर माणसं दिसतायत, पाळत ठेवायला टीम मोजक्याच, एका माणसावर चोवीस तास नजर ठेवायची तर शिफ्टमध्ये कितीतरी जण लागतात, मग कुणाला सोडायचं हे कुणीतरी ठरवणारच ना.

तो २००४ चा तपास, ऑपरेशन क्रेव्हिस, स्वतः मात्र यशस्वी झाला होता, आणि तो सुरुवातीला वळला एका साध्या गोदाम कर्मचाऱ्याच्या शंकेने. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला भाड्याने खोल्या देणारं एक स्टोरेज होतं, तिथे कुणीतरी ६०० किलो अमोनियम नायट्रेटचं खत आणून ठेवलेलं. शहरात राहणाऱ्या माणसाला एवढं खत कशाला, असं तिथल्या स्टाफला वाटलं आणि त्यांनी पोलिसांना कळवलं. पोलिसांनी ते खत गुपचूप बदलून तिथे निरुपद्रवी माल ठेवला, रिसेप्शनवर स्वतःची एक महिला अधिकारी बसवली, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हसून बोलत राहिली. कट करणाऱ्यांना वाटत होतं माल सुरक्षित आहे. ही पद्धत मला फार आवडते, म्हणजे दात आधी काढून घ्यायचे आणि मग साप कुठे कुठे जातो ते बघत राहायचं. पण ती प्रत्येक वेळी जमत नाही, आणि २००६ मध्ये जमण्यासारखी नव्हती कारण माल एका जागी नव्हताच.

अजून एक गोष्ट सांगतो कारण ती बऱ्याच ठिकाणी गाळली जाते. २ जून २००६ ला पूर्व लंडनच्या फॉरेस्ट गेटमध्ये सुमारे २५० पोलिसांनी पहाटे एका घरावर धाड टाकली. खबर होती की घरात रासायनिक बॉम्ब आहे. दोन भाऊ पकडले, त्यातल्या एकाच्या खांद्यात पोलिसांची गोळी लागली, घर उलटंपालटं केलं, आणि काहीच सापडलं नाही. दोघांनाही आरोप न ठेवता सोडावं लागलं. त्या भागातले लोक भयंकर चिडले आणि ते चिडणं बरोबरच होतं. आता विचार करा, याच महिन्यात, याच पूर्व लंडनमध्ये, पोलिसांच्या हाताला खरा कट लागायला सुरुवात झाली होती.

बॅगेतलं टँग

अब्दुल्ला अहमद अली, वय पंचविशीतलं, लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतून इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला, लग्न झालेला, एक लहान मुलगा. पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावणीत मदतकार्याला जाऊन आलेला. तिथलं दुःख बघून हजारो लोक आयुष्यभर मदतकार्य करत राहतात, याने दुसरा रस्ता धरला. संशयितांच्या वर्तुळात त्याचं नाव आधीच आलं होतं, म्हणून जून २००६ मध्ये तो पाकिस्तानातून परत आला तेव्हा हीथ्रोवर त्याचं सामान पट्ट्यावर यायच्या आत गुपचूप उघडून बघितलं गेलं.

बॅगेत हत्यार नव्हतं, कागद नव्हते. होतं काय तर टँग, आपल्याकडे पाहुणे आले की करायचे ती संत्र्याची पावडर, आणि भरपूर बॅटऱ्या. मला या क्षणाचं खरंच खूप कौतुक वाटतं. ज्याने बॅग उघडली त्याला हे "काहीच नाही" म्हणून बंद करता आलं असतं. कोण टँग पाकिस्तानातून लंडनला नेतं, लंडनमध्ये मिळत नाही का, आणि एवढ्या बॅटऱ्या कशाला, असा साधा घरगुती प्रश्न कुणाला तरी पडला, नोंद झाली, बॅग होती तशी परत लावली आणि पट्ट्यावर सोडली. अलीला पत्ता लागला नाही. त्या दिवसापासून पाळत घट्ट झाली.

पाळत म्हणजे काय ते आपण समजतो तसं नाही. एकच माणूस मागे मागे नाही चालत. पायी, गाडीत, दुकानात, बसस्टॉपवर अशी साखळी असते, एकाने थोडं अंतर चालायचं आणि दुसऱ्याकडे सोपवायचं, आणि प्रत्येकाने जे दिसलं ते तिथल्या तिथे लिहून ठेवायचं कारण दोन वर्षांनी कोर्टात बचावाचा वकील विचारणार आहे की बाटली नक्की कोणत्या हातात होती. अलीच्या मागे जाता जाता असद सरवर सापडला. लंडनबाहेर हाय विकमला राहणारा, कॉलेज अर्धवट सोडलेला. हा दुकानांतून केमिकल घेत होता, घाऊक हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि पाळतीवरच्या लोकांनी त्याला रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या केंद्रात टाकतानाही बघितलं. घराजवळच्या किंग्ज वूड नावाच्या जंगलात तो सामान लपवत होता.

मग जुलैमध्ये वॉल्थमस्टोच्या फॉरेस्ट रोडवर या टोळीच्या ओळखीतून एक फ्लॅट रोख पैसे मोजून घेतला गेला, १ लाख ३८ हजार पौंड. तिथे कुणी राहायला आलं नाही, पण माणसं तासन् तास आत बसत होती. मग एमआय ५ च्या लोकांनी त्या फ्लॅटमध्ये गुपचूप शिरून माइक आणि छोटा कॅमेरा बसवला. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्या कॅमेऱ्यात अली आणि त्याचा साथीदार तन्वीर हुसेन दिसले, समोर कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या, ओअ‍ॅसिस, ल्युकोझेड, ज्या तिथल्या कुठल्याही टपरीवर मिळतात, आणि ते त्या बाटल्यांवर काहीतरी बारीक काम करतायत, वरून बाटली फोडलेली वाटू नये अशी काळजी घेतायत. ऐकणाऱ्यांना आधी कळेचना हे काय चाललंय. हळूहळू चित्र जुळलं की द्रव स्फोटकं बाटलीत भरून हातातल्या सामानातून विमानात न्यायचा बेत आहे.

हे अगदी नवीन नव्हतं. ११ डिसेंबर १९९४ ला रम्झी युसूफने फिलिपिन्स एअरलाइन्सच्या विमानात छोटा द्रव बॉम्ब ठेवून एका जपानी प्रवाशाचा जीव घेतला होता, आणि ती त्याची तालीम होती, अमेरिकेला जाणारी बरीच विमानं एकदम उडवायचा त्याचा बेत १९९५ च्या जानेवारीत मनिलामध्ये उघडकीला आला. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी जगाला माहीत झालेली पद्धत, आणि तरी २००६ च्या ऑगस्टपर्यंत आपण सगळे पाण्याच्या बाटल्या घेऊन विमानात बसत होतो. एक्सरे मशीनला बाटली दिसायची, बाटलीत काय आहे ते नाही.

६ ऑगस्टला अली एका सायबर कॅफेत दोनेक तास बसला आणि विमानांची टाइमटेबलं बघत होता. नंतर त्याच्याकडे सापडलेल्या मेमरी स्टिकवर सात फ्लाइट्स होत्या, सगळ्या हीथ्रोच्या टर्मिनल ३ वरून, युनायटेड, अमेरिकन आणि एअर कॅनडाच्या, सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो, माँट्रियल, शिकागो, वॉशिंग्टन, न्यू यॉर्क. सातही दुपारी अडीच-पावणेतीन तासांच्या आत सुटणाऱ्या. म्हणजे पहिल्याची बातमी यायच्या आत शेवटचं विमानही समुद्रावर असणार आणि कुणालाच परत बोलावता येणार नाही.

धरायचं की थांबायचं

आता इथे खरा पेच. दहशतवादविरोधी तपासाचे प्रमुख पीटर क्लार्क, एमआय ५ च्या प्रमुख एलिझा मॅनिंगहॅम-बुलर, गृहमंत्री जॉन रीड, या सगळ्यांसमोर एकच प्रश्न, आज धरायचं की थांबायचं. ब्रिटिश पोलिसांचं मत थांबायचं होतं, आणि त्यामागे कारण होतं. तिकिटं अजून काढली नव्हती. काहींचे पासपोर्टही हातात आले नव्हते, पाकिस्तानचे शिक्के दिसू नयेत म्हणून पासपोर्ट हरवला असं सांगून नवीन मागवण्याचे प्रकार झाले होते. म्हणजे उद्या सकाळी विमान उडणार अशी वेळ आलेली नव्हती. आणि टोळीत एकूण किती जण, बॉम्ब घेऊन कोण बसणार, दुसरी टोळी कुठे आहे का, हे अजून उलगडत होतं. तिकीट काढलं की कोर्टात विमानाचा हेतू आपोआप सिद्ध होतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शिवाय ब्रिटनमध्ये एक कायदा आहे जो ऐकून आपल्याला आश्चर्य वाटतं. तिथे फोन टॅप करून ऐकलेलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून देता येत नाही. तपासाला वापरा, पण ज्युरीपुढे नाही. घरात लपवलेल्या माइकमधलं चालतं, फोनवरचं नाही. म्हणून कॅमेऱ्यातला आणि माइकमधला एकेक तास त्यांना सोन्यासारखा होता.

अमेरिकेचं म्हणणं वेगळं. बरीचशी विमानं अमेरिकेची, जाणार अमेरिकेला, ११ सप्टेंबर २००१ होऊन पाचच वर्षं झालेली. एखादा जरी पाळतीतून निसटला तर? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. १ ऑगस्टला पाळतीवर असलेला माणूस ५ ला कुठे जाईल हे शपथेवर कोण सांगेल. मी दोन्ही बाजू कितीतरी वेळा मनात फिरवून बघितल्या आणि माझं मत ब्रिटिश पोलिसांच्या बाजूने पडतं, पण माझी बहीण त्या महिन्यात त्यातल्या एखाद्या विमानात बसणार असती तर मी हे इतक्या शांतपणे लिहिलं असतं का, नाही, मी म्हटलं असतं आत्ताच्या आत्ता धरा.

शेवटी निर्णय लंडनमध्ये झालाच नाही. पाकिस्तानात रशीद रौफ नावाचा एक माणूस होता, बर्मिंगहममध्ये वाढलेला, लंडनच्या टोळीचा आणि तिकडच्या सूत्रधारांचा दुवा. ९ ऑगस्टला पाकिस्तानने त्याला उचललं, अमेरिकेचा त्यामागे आग्रह होता असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि ब्रिटिश पोलिसांना ते झाल्यावर कळलं. क्लार्क यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं की ही बातमी त्यांच्यासाठी अजिबात चांगली नव्हती, केस बांधण्याच्या ऐन मोक्याच्या वेळी ती आली. कारण सरळ आहे, रौफचा फोन उचलला गेला नाही की लंडनला कळणार, मग एकतर पुरावे जाळतील, नाहीतर पळतील, नाहीतर जे तयार आहे ते घेऊन घाईत काहीतरी करतील. आठवडाभर जपून ठेवलेला पर्याय एका संध्याकाळी संपला.

त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला अली आणि सरवर वॉल्थम फॉरेस्टच्या टाउन हॉलच्या कार पार्कमध्ये भेटले होते. पाळतीवरचेच पोलिस पुढे झाले आणि दोघांना तिथेच धरलं. ठरलेली मोठी सशस्त्र धाड वगैरे काही नाही, जे हजर होते त्यांनीच. अलीच्या खिशात डायरी होती, बेताच्या नोंदी असलेली, आणि ती मेमरी स्टिक. रात्रभरात लंडन, हाय विकम, बर्मिंगहम मिळून चोवीस जण उचलले. सहा जणांनी मरण्याआधीचे निरोपाचे व्हिडिओ करून ठेवले होते, त्यातला एक, उमर इस्लामचा, त्याच दिवशीचा, ९ ऑगस्टचा.

दुधाची बाटली

१० ऑगस्टची सकाळ. पंतप्रधान टोनी ब्लेअर बार्बाडोसला सुट्टीवर. धोक्याची पातळी लोकांना जाहीर करायची पद्धत त्याच महिन्याच्या १ तारखेला सुरू झाली होती आणि दहाच दिवसांत ती सगळ्यात वरच्या पायरीवर, "क्रिटिकल"वर गेली. डेप्युटी कमिशनर पॉल स्टीफन्सन टीव्हीवर आले आणि कल्पनेपलीकडच्या प्रमाणावरचं हत्याकांड रोखलं असं सांगितलं. हीथ्रोवर लोकांना सकाळी समजलं की हातात काहीही न्यायचं नाही. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, त्यात पासपोर्ट, पाकीट, अगदी गरजेची औषधं. पुस्तकसुद्धा नाही. तान्ह्या बाळांच्या आयांना दुधाच्या बाटलीतला घोट तिथेच, तपासणाऱ्यांच्या समोर, स्वतः पिऊन दाखवावा लागत होता. हा नियम क्रूर नव्हता, त्या सकाळी बाहेर अजून कुणी बाटली घेऊन फिरतंय का हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, पण लेकराचं दूध पिऊन दाखवणारी आई हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

हळूहळू नियम सैल झाले. अमेरिकेत सप्टेंबरच्या शेवटी आणि युरोपात ६ नोव्हेंबर २००६ पासून शंभर एमएलचा नियम आला, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावेल तेवढंच, आणि तो जगभर पसरला. आईची बरणी त्या नियमात अडकली. आता नवे सीटी स्कॅनर बाटलीतलं वेगळं ओळखू शकतात, त्यामुळे एडिंबरा आणि बर्मिंगहमच्या विमानतळांवर २०२५ पासून दोन लिटरपर्यंत न्यायला परवानगी मिळाली, म्हणजे एका कटाचं ओझं उतरायला जवळपास एकोणीस वर्षं लागली.

कोर्टात काय झालं

अटकेनंतर पोलिसांकडे घड्याळ लावलेलं होतं. आरोप न ठेवता जास्तीत जास्त २८ दिवस कोठडीत ठेवता येत होतं, आणि हा २८ दिवसांचा कायदा लागू झाला होता २५ जुलै २००६ ला, म्हणजे जेमतेम दोन आठवडे आधी. काहींच्या बाबतीत पोलिस अगदी शेवटच्या दिवसापर्यंत गेले. डझनावारी घरं, कितीतरी कॉम्प्युटर, आणि ते किंग्ज वूड जंगल. तिथे पोलिसांनी महिनोन् महिने झाडाखालची माती चाळली, आणि तिथेच केमिकलची सुटकेस मिळाली. पकडलेल्यांपैकी बरेच जण आरोप न ठेवता सुटले, आणि सुटायलाच हवे होते, नाव शेजारच्या वर्तुळात आलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. (नंतर २०११ मध्ये ही मुदत पुन्हा १४ दिवसांवर आणली, मला ते योग्य वाटतं.)

एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या वुलिच क्राउन कोर्टात आठ जणांवर खटला उभा राहिला. आणि पीटर क्लार्कना ज्याची भीती होती नेमकं तेच झालं. अली आणि साथीदारांनी कबूल केलं की हो, आम्ही स्फोटक बनवत होतो, पण कुणाला मारायला नाही. ब्रिटनच्या परराष्ट्र धोरणावर एक डॉक्युमेंटरी करायची होती, पार्लमेंट किंवा विमानतळावर छोटासा धमाका करून लक्ष वेधायचं होतं, व्हिडिओ त्यासाठीच होते. ऐकायला हास्यास्पद वाटतं पण ज्युरीचं काम अवघड होतं, कारण त्यांच्यासमोर विमानाचं एकही तिकीट नव्हतं. ८ सप्टेंबर २००८ ला निकाल आला. अली, सरवर आणि हुसेन खुनाच्या कटात दोषी. पण विमानं उडवण्याचा कट होता का यावर ज्युरीचं एकमत झालंच नाही. एक जण निर्दोष सुटला. उरलेल्यांवर निर्णयच नाही. जगभरातले विमानतळ ज्या कटामुळे बदलले तो कट दोन वर्षांनी कोर्टात सिद्ध झालेला नव्हता.

सरकारी पक्षाने खटला परत चालवला, आणि या वेळी हातात एक नवी गोष्ट होती. लंडन आणि पाकिस्तानमधल्या माणसांचे ईमेल, याहूकडून कॅलिफोर्नियातल्या कोर्टाच्या आदेशाने मिळवलेले. पहिल्या ज्युरीने हे बघितलेच नव्हते. त्यात सगळी भाषा सांकेतिक, हायड्रोजन पेरॉक्साइडला परफ्यूमच्या एका ब्रँडचं नाव, आणि पाळतीला "त्वचेचा आजार". पलीकडचा माणूस विचारतोय तुझा त्वचेचा आजार कसा आहे, वाढतोय की मलमाने बरा होतोय. म्हणजे मागावर कुणी आहे हा संशय त्यांना आला होता आणि तरी ते थांबले नाहीत. पाळतीच्या नोंदवह्यांमधल्या तारखा आणि ईमेलच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा, ज्या दिवशी सरवर दुकानातून बाहेर पडताना दिसला आणि ज्या दिवशी तिकडे निरोप गेला, ते जुळत गेलं. पाळतीवर बसून लिहिलेल्या वेळा तीन वर्षांनी कामाला आल्या.

७ सप्टेंबर २००९ ला तिघंही विमानांच्या कटात दोषी ठरले, उमर इस्लाम खुनाच्या कटात. आठवड्याभराने शिक्षा, जन्मठेप, आणि सुटकेचा विचार होण्याआधी अलीला किमान ४० वर्षं, सरवरला ३६, हुसेनला ३२, इस्लामला २२. आणखी तिघांसाठी तिसरा खटला चालवावा लागला, तो जुलै २०१० मध्ये संपला, त्यांनाही जन्मठेप, किमान २० वर्षं. चार वर्षं, तीन खटले. रशीद रौफ मात्र लंडनच्या कोर्टासमोर कधीच आला नाही. डिसेंबर २००७ मध्ये रावळपिंडीला कोर्टातून नेताना पोलिसांनी त्याला नमाजासाठी मशिदीत जाऊ दिलं आणि तो तिथून गायब झाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये वझिरिस्तानात ड्रोन हल्ल्यात मारला गेल्याच्या बातम्या आल्या. ज्याच्या घाईच्या अटकेमुळे लंडनची केस अर्धवट अवस्थेत धरावी लागली, तोच हातातून गेला, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

हे सगळं लिहिताना मला सारखी आपलीच आठवण येत होती, कारण लंडनची माणसं वॉल्थमस्टोच्या फ्लॅटवर कान लावून बसली होती त्याच वर्षी, ११ जुलै २००६ ला, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. संध्याकाळची घरी जायची वेळ, फर्स्ट क्लासचे डबे, माटुंगा रोड, माहीम, बांद्रा, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून जास्त माणसं गेली. आपल्याकडे कट आधी कळलाच नाही, ते वेगळं. पण नंतर जे झालं ते लंडनच्या शेजारी ठेवून बघा. एटीएसने १३ जणांवर खटला भरला, २०१५ मध्ये मकोका कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराच्या बारा निर्दोष ठरवले, सरकारी पक्ष केस सिद्ध करण्यात पूर्ण अपयशी ठरला असं म्हणून. कबुलीजबाब कसे घेतले, साक्षीदारांनी इतक्या दिवसांनी चेहरे कसे ओळखले, सगळ्यावर कोर्टाने बोट ठेवलं. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत आत टाकायला मात्र सांगितलं नाही.

लंडनच्या पोलिसांना एकही तिकीट नसताना तीन खटले लढवता आले ते कुणाच्या कबुलीजबाबावर नाही, तर कुणी कुठल्या तारखेला काय घेतलं, कुठे टाकलं, काय बोललं याच्या नोंदींवर, आणि या नोंदी अटकेच्या आधीच्या होत्या. मुंबईत तसं काही हातात नव्हतं, म्हणून सगळा भार अटकेनंतर कोठडीत मिळालेल्या गोष्टींवर आला आणि तो पेलला नाही. बारापैकी अकरा जणांची जवळपास एकोणीस वर्षं तुरुंगात गेली, एक जण २०२१ मध्ये कैदेतच वारला. आणि माहीम स्टेशनवरच्या स्मृतिफलकापाशी ११ जुलैला फुलं घेऊन येणाऱ्या घरच्यांना, संध्याकाळी सहा चोवीस ते सहा पस्तीसच्या मधे त्या डब्यांत बॉम्ब कुणी ठेवले होते, याचं कोर्टात टिकलेलं उत्तर अजून मिळालेलं नाही.